मस्टँग, कॅमॅरो की चॅलेंजर: ट्रॉयमधल्या एका घरासाठी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. तुम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहता, ऑफिस डिअरबॉर्नला, रोज जाऊन-येऊन पन्नासेक मैल. हातात 35 हजार डॉलर. गाडी वापरलेली चालेल, पण व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचीच हवी. घरात एसयूव्ही आहे, ती वहिनी चालवतात. मुलगी अडीच वर्षांची. फोर्डची मस्टँग जीटी, शेव्हरोलेची कॅमॅरो एसएस आणि डॉजची चॅलेंजर स्कॅट पॅक या तिघींतली कुठली घ्यावी, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि चार-पाच वर्षांनी पुण्याला परत जाताना ती सोबत नेता येईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दात संपतं: नाही. भारतात आणायची गाडी उजव्या स्टिअरिंगची लागते, आणि वापरलेली असेल तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. इथली गाडी डाव्या स्टिअरिंगची, त्यामुळे विषय तिथेच मिटला. मस्टँग 2016 मध्ये भारतात अधिकृतपणे विकायला आली होती, पण ती कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची बनून आलेली. तेव्हा ही गाडी इथेच घ्यायची आणि इथेच विकायची, हे धरून चला.

मी या भागात बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करतो आहे. गेली काही वर्षं माझं निम्मं काम म्हणजे खरेदीआधीची तपासणी: लोक गाडी पसंत करतात, पैसे देण्याआधी मला बोलावतात. त्या अनुभवावरून सांगतो, या तिघींची तुलना करताना लोक पहिली चूक करतात ती हॉर्सपॉवरचे आकडे शेजारी-शेजारी लिहिण्याची. 2018 नंतरची मस्टँग जीटी 460 (2022 आणि 2023 ला 450), कॅमॅरो एसएस 455, स्कॅट पॅक 485. आय-75 हायवेवर चढताना हा फरक तुम्हाला कळणारही नाही. तिन्ही गाड्या तुमच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त पळतात. फरक आहे तो गाडीच्या जातीत. एकाच कपाटात ठेवल्या असल्या तरी या तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या आहेत.

कॅमॅरोपासून सुरुवात करतो, कारण मला स्वतःला चालवायला तीच सगळ्यात जास्त आवडते. 2016 पासूनची सहावी पिढी जनरल मोटर्सने कॅडिलॅक एटीएसच्या पायावर बांधली, म्हणजे मुळात वळणांसाठी विचार केलेल्या गाडीच्या पायावर. वजन साधारण 1,670 किलो. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, मागचा भाग मुकाट्याने पाठोपाठ येतो. 1LE पॅकेजची (ट्रॅकसाठी तयार केलेली) एसएस मिळाली तर त्या किमतीत त्याहून चांगली वळणारी गाडी शोधायला कष्ट पडतील. 6.2 लिटरचं एलटी1 इंजिन जुन्या पद्धतीचं, एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तेही ब्लॉकच्या पोटात, पण टॉर्क 617 न्यूटन-मीटर आणि तो अगदी खालपासून मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालली असतानाही पाय दाबला की ओढते.

आणि तरीही ती तुम्हाला घ्या म्हणणार नाही. आत बसलात की किल्ल्याच्या जंगीतून बाहेर बघितल्यासारखं वाटतं. काचा बुटक्या, खांब जाड, मागचं जवळजवळ दिसत नाही. डिकी नऊ घनफुटांची, आणि तिचं तोंड इतकं अरुंद की आत जागा असूनही घडी केलेला स्ट्रोलर तिरका करून, ढकलून घालावा लागतो. एकट्या माणसाची गाडी आहे ती. एकट्या माणसाने मला विचारलं असतं तर मी दुसरं नावही घेतलं नसतं.

चॅलेंजर अगदी उलट्या टोकाला. तिला स्पोर्ट्स कार म्हणून पाहिलं की निराशा होते. दोन दारांची ऐसपैस मोटार म्हणून पाहिलं की ती फार आवडते. डॉजचीच चार्जर आणि क्रायस्लर 300 ज्या पायावर उभ्या, त्याच घराण्यातली ही, आणि त्या घराण्याची मुळं डेमलरक्रायस्लरच्या काळातल्या मर्सिडीजच्या भागांपर्यंत जातात. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 116 इंच, मस्टँगचं 107. वजन 1,900 किलोच्या आसपास. पाच माणसं बसतात, डिकी 16 घनफुटांची. मार्चमध्ये बर्फ वितळून इथल्या रस्त्यांना खड्डे पडतात, त्यांवरून तिघींत सगळ्यात सुखाने हीच जाते. शिकागोपर्यंत गेलात तर उतरताना पाठ दुखत नाही. 392 क्युबिक इंची, म्हणजे 6.4 लिटरच्या हेमी या तिच्या व्ही-8 इंजिनाचा आवाज थंडीत सकाळी सुरू होताना ऐकला की कामाला आलेला माणूसही दोन मिनिटं थांबतो. कित्येक वर्षांनंतर मीही थांबतो.

मस्टँग या दोघींच्या मधे आहे, आणि मधे असणं हाच तिचा गुण. 2015 ला फोर्डने मागचा सबंध अॅक्सल काढून स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, तेव्हापासून खड्ड्यावरून जाताना मागचं बूड उडण्याची जुनी तक्रार गेली. 5.0 लिटरचं कोयोटी इंजिन बाकी दोघींपेक्षा वेगळ्या स्वभावाचं: चार कॅमशाफ्ट, बत्तीस व्हॉल्व्ह, खाली थोडं शांत आणि मग 7,500 आरपीएमपर्यंत चढतच जाणारं. टॉर्क 569 न्यूटन-मीटर, तिघींत सगळ्यात कमी, म्हणून गावातल्या वेगात कॅमॅरोइतकी जोरदार वाटत नाही. गिअर खाली टाकून इंजिन फिरवायची आवड असेल तर हीच. काचा मोठ्या, बाहेरचं नीट दिसतं, डिकी 13 घनफूट आणि तोंड बऱ्यापैकी रुंद.

मागच्या शरदात तुमच्यासारखंच एक जोडपं आलं होतं. त्यांना मी म्हटलं, उद्या येताना लेकीची कारसीट घेऊन या. गॅरेजच्या अंगणात त्या दिवशी तिन्ही जातीच्या गाड्या योगायोगाने उभ्या होत्या आणि मालकांनी परवानगी दिली. कॅमॅरोत सीट बसवायला बाईंना कंबरेतून पूर्ण वाकून, डोकं छताला घासत आत शिरावं लागलं. सीट बसली, पण पुढची खुर्ची इतकी पुढे घ्यावी लागली की तिथे मोठं माणूस बसणं अशक्य. मस्टँगमध्ये सीट बसली, पुढच्या खुर्चीत बाई बसल्या, गुडघे डॅशबोर्डपासून चार बोटांवर. अर्ध्या तासाच्या प्रवासाला चालेल, त्या म्हणाल्या. चॅलेंजरमध्ये सीट बसली, पुढे नवरा बसला, तो सहा फुटी, आणि कोणीच काही बोललं नाही. तुम्हीही हेच करा. पट्टे ताणून, हुक अडकवून, मुलीला आत बसवून बघा. आणि लक्षात ठेवा, तिन्ही गाड्यांची दारं लांबलचक आहेत. कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी उभी असताना तेवढं दार उघडत नाही.

मग चॅलेंजरच का नाही, असं तुम्ही विचाराल. एक कारण इन्शुरन्स आणि चोरी. हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट या इन्शुरन्सचे दावे अभ्यासणाऱ्या संस्थेच्या अहवालात 2020 ते 2022 च्या गाड्यांमध्ये चोरीच्या दाव्यांत पहिली होती डॉजचीच याहून ताकदवान चार्जर हेलकॅट, सरासरीच्या साठपटीहून जास्त. स्कॅट पॅक म्हणजे हेलकॅट नव्हे, पण चोराला लागतं ते त्याच घरात आहे. 2021 मध्ये डॉजने एक सॉफ्टवेअर आणलं: योग्य कोड टाकला नाही तर इंजिन तीन हॉर्सपॉवरसुद्धा देत नाही, गाडी जेमतेम रांगते. 392 आणि हेलकॅट इंजिनांच्या 2015 पासूनच्या गाड्यांना ते बसतं. चॅलेंजर बघायला गेलात तर हे बसवलंय का, हा पहिला प्रश्न विचारा. कॅमॅरोवालेही निवांत नाहीत. त्याच संस्थेच्या नंतरच्या अहवालात कॅमॅरोचीच जास्त ताकदवान आवृत्ती, झेडएल1, सगळ्यात वर आली. मिशिगनमधला इन्शुरन्स तसाच महाग, म्हणून गाडी ठरवण्याआधी त्या गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) देऊन तुमच्या पिनकोडचा हप्ता काढा. नुसत्या मॉडेलच्या नावावर सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरं कारण टॅपेट, म्हणजे कॅमशाफ्टवर टेकून व्हॉल्व्ह उघडायला लावणारा इंजिनातला छोटा भाग. हेमी इंजिनांत टॅपेटच्या रोलरचं बेअरिंग झिजतं आणि मग तो रोलर फिरायचा थांबून कॅमशाफ्ट खरवडतो, ही या इंजिनांची सगळ्यांना माहीत असलेली दुखरी जागा आहे. प्रत्येक गाडीत होत नाही. ज्या गाडीत होतं तिथे खर्च हजारोंत जातो. सुरुवातीला येते ती फक्त टिक-टिक. गोंधळ असा, की हेमीत आणखी एक टिक-टिक येते, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटल्याची, आणि ती तुलनेने स्वस्तात सुटते. फरक ऐकायला शिका. मॅनिफोल्डचा आवाज थंड इंजिनात जोरात येतो आणि धातू तापून फुगला की फट बुजते, आवाज विरतो. टॅपेटचा आवाज तापल्यावरही जात नाही. माझे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात मशीनवर काम करायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला, एवढंच त्यांचं यंत्र. मी आजही व्हॉल्व्ह कव्हरवर तेच करतो. शेजारी हजार डॉलरचा स्कॅनर असतो, पण टॅपेट पहिल्यांदा सापडतो तो स्क्रूड्रायव्हरलाच.

सिलिंडर बंद करण्याची व्यवस्थाही समजून घ्या, मॅन्युअलचा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. पेट्रोल वाचावं म्हणून हेमी आणि एलटी1 दोन्ही इंजिनं सरळ रस्त्यावर चार सिलिंडर झोपवतात, त्यासाठी खास टॅपेट लागतात, आणि ते नाजूक. पण ही व्यवस्था ऑटोमॅटिक गाड्यांत आहे. मॅन्युअल कॅमॅरो एसएस आणि मॅन्युअल स्कॅट पॅकमध्ये नाही. शिवाय 2016 ते 2018 च्या कॅमॅरोची आठ गिअरची ऑटोमॅटिक कमी वेगात थरथरते, जणू रस्त्यावरच्या दातेरी पट्ट्यांवरून चाललोय. कंपनीने नंतर गिअरबॉक्समध्ये वेगळं ऑइल भरायला सांगितलं आणि बहुतेकांची थरथर त्याने गेली. तशी गाडी घेत असाल तर ऑइल बदलल्याची पावती मागा. मस्टँगच्या इंजिनात सिलिंडर झोपवण्याचा प्रकारच नाही. तिची दहा गिअरची ऑटोमॅटिक फोर्ड आणि जनरल मोटर्सने मिळून आखलेली, चांगली आहे, पण सुरुवातीच्या वर्षांत तिच्याही तक्रारी झाल्या. तिच्या मॅन्युअलचा दुसरा गिअर थंडीत पहिली पाच मिनिटं अडतो. घाई न करता, एक क्षण थांबून टाकला की जातो.

म्हणून तुम्हाला माझं म्हणणं मॅन्युअल घ्या असंच आहे. चांदणी चौकातून हिंजवडीला क्लच दाबत गेलेल्या माणसाला आय-75 ची गर्दी जड जाणार नाही. फक्त वहिनींना मॅन्युअल येते का विचारा. त्यांची एसयूव्ही सर्व्हिसला गेली की तुमची गाडी त्यांच्याच हातात जाणार आहे. येत नसेल आणि शिकायची इच्छाही नसेल, तर ऑटोमॅटिक घ्या आणि मनात काही ठेवू नका.

तर माझी निवड: मस्टँग जीटी, 2018 ते 2021 मधली, मॅन्युअल. 2018 पासून इंजिनात पेट्रोल दोन्ही प्रकारे सोडलं जातं, थेट सिलिंडरमध्ये आणि इनटेक व्हॉल्व्हच्या आधीही, त्यामुळे नुसत्या थेट इंजेक्शनच्या इंजिनांसारखी त्या व्हॉल्व्हवर कार्बन साचायची काळजी फारशी नाही. या इंजिनांचा टाइपरायटरसारखा बारीक टकटकाट ऐकून घाबरू नका, तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. ऑइल मात्र दर दोन टाक्यांनी डिपस्टिक काढून बघा, काही गाड्या ऑइल खातात. मुलगी रविवारी मागे बसेल, रोज नाही, एसयूव्ही आहेच. उद्या तुम्ही म्हणालात की शाळेतून आणायचं कामही हीच गाडी करणार, तर माझं उत्तर बदलून स्कॅट पॅक होईल, आणि ते मी आनंदाने देईन.

नवी कोरी घ्यायची तर निवडच उरलेली नाही. कॅमॅरो आणि चॅलेंजर दोन्हींचं उत्पादन डिसेंबर 2023 मध्ये थांबलं. तिघींत व्ही-8 सह नवी मिळते ती एकटी मस्टँग, 480 हॉर्सपॉवरची, आणि ती तुमच्या बजेटबाहेर. सुटे भाग तिघींचे मिळतात, त्याची चिंता नको.

बजेटचं एक सांगतो. 35 हजार म्हणजे 35 हजारांची गाडी नव्हे. मिशिगनचा 6 टक्के कर, नोंदणी, आणि त्यावर हिवाळ्याचे टायर. या गाड्यांवर बऱ्याचदा उन्हाळी टायर असतात, आणि ते रबर कडाक्याच्या थंडीत नुसतं घसरत नाही, तडकतं. उणे सातच्या खाली मिशेलिन आपले उन्हाळी टायर असलेली गाडी हलवूही नका म्हणते, आणि इथला जानेवारी तुम्ही पाहिलाय. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, चांगले हिवाळी टायर आणि शांत पाय, एवढ्यावर माझी बावीस वर्षं गेली. टायरांशिवाय नको. तेव्हा 31 हजारांच्या वरची गाडी बघूच नका.

आता गाडी बघायला जाताना. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेट उघडून हात ठेवून बघा. कोमट लागलं तर कारण विचारा. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले तीस सेकंद पुढच्या तासाभराच्या टेस्ट ड्राइव्हपेक्षा जास्त सांगतात. मग मागच्या चाकांच्या कमानीत, अगदी आत, मोबाईलचा टॉर्च मारा. काळ्या मिरीसारखे रबराचे दाणे चिकटलेले दिसले तर त्या गाडीने बर्नआउट (चाकं जागच्या जागी फिरवून टायर जाळणं) केलेत किंवा रेसट्रॅक पाहिलाय. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. पुढचे टायर 2019 चे आणि मागचे गेल्या वर्षीचे, तरी मीटरवर अठरा हजारच मैल, तर मागचे कुठे झिजले हे विचारा. क्लच बघायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण पाय दाबा. आरपीएम उडाले आणि वेग तसा वाढला नाही, तर क्लच संपलाय. लिफ्टवर चढवून मागचा सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारा सांगाडा) आणि ब्रेकच्या नळ्या बघा. इथल्या रस्त्यांवर बर्फासाठी टाकलेलं मीठ तिथेच आधी खातं. टेक्सास किंवा कॅरोलिनातून आलेली गाडी मिळाली तर हजार डॉलर जास्त द्यायलाही माझी हरकत नाही.

एक काळी मस्टँग मला चांगली आठवते. विकणारा छोटा डीलर, एकच मालक, कधी ट्रॅकवर नेली नाही, असं छातीठोक सांगणारा. गाडी चकचकीत. मी स्कॅनर लावला तर एकही फॉल्ट कोड नाही, पण प्रदूषणाच्या स्वतःच्या चाचण्या, ज्या गाडी चालता-चालता आपोआप पुऱ्या करते, त्यातली एकही पुरी झालेली नव्हती. म्हणजे एक-दोन दिवसांतच कोणीतरी कॉम्प्युटर पुसलाय किंवा त्यातलं ट्यूनिंग बदलून पुन्हा मूळचं भरलंय. डीलर म्हणाला, बॅटरी नवी टाकली म्हणून. बॅटरीवर तारीख होती तीन वर्षांपूर्वीची. मग एअर बॉक्सचे (एअर फिल्टरच्या डब्याचे) स्क्रू बघितले, डोकी घासलेली. डिकीचा गालिचा उचलला तर खाली पुढच्या बंपरला लावायचा टोइंगचा हुक, वापरून खरवडलेला. माझ्या गिऱ्हाइकाने ती गाडी सोडली. महिन्याभराने त्याला निळी मिळाली, कमी झळाळीची, पण एका निवृत्त माणसाची. त्याने प्रत्येक ऑइल बदलाची पावती वहीत चिकटवून ठेवली होती. मैल चौदा हजार जास्त, तरी मी तीच घ्यायला लावली.

ऑगस्टमधला तिसरा शनिवार मोकळा ठेवा. त्या दिवशी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असतो, तुमच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे या तिन्ही गाड्या शेकड्यांनी येतात, मालक दिवसभर खुर्ची टाकून शेजारी बसलेले असतात आणि विचारलं की मनापासून सांगतात, काय बिघडलं, कोणी नीट केलं, किती पैसे गेले. वहिनींना आणि लेकीला सोबत न्या. कोणाच्या तरी चॅलेंजरमध्ये आणि कोणाच्या तरी मस्टँगमध्ये मागे बसून बघा, परवानगी विचारली की सहसा नाही म्हणत नाहीत. एखादी गाडी नक्की झाली की तिचा व्हीआयएन आणि थंड इंजिन सुरू होतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ मला पाठवा, मोबाईल उजव्या पुढच्या चाकाजवळ धरून काढलेला. तो ऐकून सांगतो.